सहदेव खाकरून आत जायचा

माणसाच्या दारात जाताना खाकरावं, हे कोणालेही समजते. उंदराच्या दारात खाकरणारा माणूस मात्र मी जन्मात एकच पाहिला. सहदेव त्याचं नाव. आता लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलतात. कोणी म्हणते येडा आहे, कोणी म्हणते पोटच्या पोरीच्या जिवावर उठला होता. बोलणाऱ्याचं काय जाते? मी सगळं या डोळ्यांनी पाहिलं, तं मीच सांगतो. फक्त मधात कोणी तोंड घालू नका, माही सटकते.

मी अब्दुल रहीम, धंद्यानं सुतार. अमरावतीत वलगाव रोडच्या अंगाले माहं दुकान आहे, अन् दुकानाच्या मागं घर. घरात आमी उर्दू बोलतो, बाहेर वऱ्हाडी, अन् गिऱ्हाइकानं भाव पाडला की दोन्ही एकदम बोलतो. सहदेव दर आठवड्याले माह्याकडं भुसा न्यायले यायचा. पोतं घेऊन सायकलवर. मी रंधा मारून जो भुसा पडे तो चाळून ठेवायचो.

"भुसा कोऱ्या लाकडाचा देजा, रहीमभाई," तो म्हणे. "पॉलिशवाला नको. माह्या लेकराइच्या नाकात जाते."

"कोणती लेकरं रे? तुले तं एकच पोरगी."

"उंदरं," तो म्हणाला, तोंड एकदम सरळ ठेवून. मी इतका हसलो की आमची घरवाली रजियाबी आतून पाहायले आली.

सहदेव एका फार्मसी कॉलेजात उंदरं सांभाळायचा. पांढरी, लाल डोळ्यांची. मूळचा तो मोर्शीकडचा, बाप संत्र्याच्या बागेत राखणदार. हा शहरात आला, कॉलेजात माळी म्हणून लागला, अन् उंदरांच्या खोलीत जायले कोणी तयार होईना म्हणून याले तिकडं धाडलं. बायको शकुन लवकर गेली. पोरगी रागिणी याच्या हातानं वाढली. वेण्या घालण्यापासून भाकरी शिकवण्यापर्यंत सगळं यानं केलं, अन् मूर्तिजापूरकडच्या एका गावात चांगल्या घरी तिले दिली. जावई श्रावण, कष्टाळू पोरगा. सहदेव त्याचं नाव घेताना छाती पुढं काढायचा.

एकदा कॉलेजातून मलेच बोलावणं आलं. अकोल्याच्या जुन्या शहरातली एक पोरगी तिथं मोठ्या डिग्रीसाठी उंदरांवर प्रयोग करत होती. अरीबा. बोलण्यात गोड अन् कामात कडक. ते, म्हणजे अरीबा, म्हणाली, "चाचा, मले लाकडाचं एक अधिकचं चिन्ह पाहिजे. चार हात. दोन हातांले उंच भिंती, दोन उघडे. अन् सगळं जमिनीपासून कमरेइतकं वर."

"म्हणजे चौफुली."

"चौफुलीच समजा."

नाव तेच पडलं. पुढं तिचे सरही चौफुलीच म्हणायले लागले. मी ते बनवून नेली त्या दिवशी सहदेव मले उंदरांच्या खोलीपाशी घेऊन गेला. दारापाशी थांबला, मोठ्यानं खाकरला, मग कडी काढली.

"आत कोण आहे रे? कोणाची सून आहे का?"

"असं नाही," तो म्हणाला. "माहा बाप सांगे, कोनाच्या घरात चोरावानी शिरू नये. आधी खाकराव. आतल्या बाईले पदर घेता येते, मानसाले सावरता येते. हे त्यांचं घर आहे. अचानक गेलं तं भेतात बिचारे."

अन् खरंच, त्याच्या खाकरण्यावर सगळ्या पिंजऱ्यांतली डोकी वर झाली होती. नाकं हलत होती. सहदेव आहे म्हटल्यावर पुन्हा खाली झाली. मले तो माणूस तेव्हाच आवडला.

अरीबानं मले चौफुलीचा खेळ दाखवला. मधात उंदीर ठेवला तं तो थेट भिंतीच्या गल्लीत घुसला अन् तिथंच बसला. उघड्या फळीवर पाऊल नाही. ते म्हणाली, "उघड्यावर वरून घार येते, हे त्याले कोणी शिकवलं नाही चाचा. जन्मतःच माहीत आहे." मग औषध टोचलेला उंदीर ठेवला. तो बिनधास्त उघड्या फळीवर गेला, टोकाशी जाऊन खाली वाकून पाहायले लागला. त्यावरून म्हणे समजते की औषधानं भेव कमी केलं का नाही. डोक्यात म्हणे रसायनं असतात. एक छाती धडधडवते अन् पाय पळवते. दुसरं त्याच्यावर हात ठेवून बस म्हणते, त्याचं नाव गाबा. मले हसू आलं, आमच्या गल्लीतल्या बोकडाले हे नाव शोभलं असतं. तिसरं एक सेरोटोनिन, ते सगळा कारभार थंड ठेवते.

मग तिनं मले काचेची पेटी बनवायले लावली. लाकडी चौकट, वरून सरकतं झाकण, एका अंगानं नळी. नळीतून थोडी खराब हवा सोडायची. माणसाच्या श्वासातून निघते तीच, पण जास्त. डोक्याच्या मुळाशी म्हणे एक घंटी आहे. दम घुटायले लागला की ते वाजते अन् सांगते, पळ. काही माणसांत ही घंटी खोटीच वाजते. हवा चांगली, छाती चांगली, अन् घंटी वाजतच राहते. माणूस मरणाच्या दारात उभा आहे असं त्याले वाटते, अन् डॉक्टर म्हणते काही नाही झालं. त्या रोगावर औषध शोधायचं तं आधी उंदराच्या डोक्यातली घंटी वाजवावी लागते.

वाजवली. उंदीर उड्या मारायले लागला. झाकणावर डोकं आपटे, पुन्हा उडी, पुन्हा आपटे. झाकण मीच बसवलं होतं, एकदम घट्ट, केस जाणार नाही असं. हातानं बनवलेल्या वस्तूचा मले पहिल्यांदा राग आला. सहदेव भिंतीकडं तोंड करून उभा होता. उंदीर बाहेर काढल्यावर त्यानं त्याले ओंजळीत घेतलं अन् बराच वेळ सोडलं नाही.

त्याच साली फवारणीनं माणसं पडली.

तुमाले आठवत असेल. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारावा लागे, अन् वर मारलेला सगळा अंगावर ये. आमच्या मुलखात विषाले औषध म्हणतात. फवारणं म्हणजे औषध मारणं. कोणी विष पिऊन मेला तं म्हणतात, त्यानं औषध घेतलं. ज्यानं कोणी जिभेले हे वळण लावलं त्याचं थोबाड मले एकदा पाहायचं आहे. श्रावण पाठीवर पंप घेऊन औषध मारे, अन् रागिणी बांधावर ड्रमात औषध कालवून देई. एका दुपारी त्याले घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, तोंडातून लाळ गळायले लागली. गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. श्रावण गेला.

रागिणी बापाकडं आली ते अर्धीच आली म्हणा ना. कुठं काही वास आला की तिची ते घंटी वाजे. शेजारणीनं ढेकणाचं औषध मारलं तरी, रस्त्यात डांबर टाकलं तरी. छाती धरून बसे, हातपाय थंडगार, ओठ पांढरे. "बाबा, मी मरते, मी मरते." गावाकडचे लोक काय बोलले माहीत आहे? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणे. नवरा डोळ्यापुढं गेलेल्या बाईले हे सांगायचं! माह्यासमोर बोलले असते तं पटाशी फेकून मारली असती. सहदेव आता आपल्याच घरात खाकरून शिरायले लागला. अचानक दार वाजलं तं पोरगी दचके, म्हणून तो कोपऱ्यावरूनच खाकरत येई. खाकरणं ऐकलं की ते दाराकडं पाही, बाप दिसला की श्वास सोडी.

एकदा ते बापासोबत भुसा न्यायले दुकानात आली. मी एका दिवाणले पॉलिश करत होतो, थिनरचा डबा उघडा. मले अक्कल नाही सुचली. तिनं एक श्वास घेतला अन् जाग्यावर थिजली. "चाचा, मले काहीतरी होऊन राहिलं." तेवढंच बोलली अन् खाली बसली. मानेवर घाम, डोळे मोठे, हाताची बोटं वाकडी. रजियाबी धावत आली, तिले छातीशी धरलं, अन् कानात दुआ पुटपुटायले लागली. मले वाटलं ही गेली. या खुदा, माह्या दुकानात!

आमी ऑटोत टाकून तिले दवाखान्यात नेलं. एक कोवळा डॉक्टर धावत आला, त्यानं तिच्याकडं पाहिलं अन् ओरडून विचारलं, "औषध घेतलं का हिनं?"

सहदेव म्हणाला, "हो साहेब. सकायीच घेतलं. मीच देलं."

झालं! सिस्टरचे डोळे पांढरे. नळी आणा, पोट धुवा, पोलिसांले फोन लावा. दोघांनी सहदेवचा दंड धरला. ऑटोत त्यानं मले सांगितलं होतं, म्हणून मी ओरडलो, "अहो, सर्दीची गोळी! सर्दीची! विष नाही, गोळी!" ते समजायले बराच वेळ लागला. मग डॉक्टरही हसला अन् आमीही बाहेरच्या बाकावर पोट धरून हसलो. त्या दिवशी आमी हसलो, हे ध्यानात ठेवा.

मनाच्या डॉक्टरीण बाईंनी तिले नीट तपासलं. त्या म्हणाल्या, हृदय चांगलं आहे, ही घबराटीची बिमारी आहे, बरी होते. एक गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ अर्धी घ्यायची, थोडेच दिवस. दुसरी हळू काम करणारी, ते बरेच महिने. अन् बजावून सांगितलं, "भीती एकदम उपटून काढायची नसते. तिला हळूहळू शहाणं करायचं. आणि फवारणीच्या जवळ हिला जाऊ देऊ नका." इतकं सरळ बोलल्या. आणखी काय करायले पाहिजे होतं त्या बाईनं?

सहदेवनं त्या गोळीचं पाकीट पाहिलं अन् त्याचा चेहरा उजळला. अरीबाच्या बाटलीवर जे नाव होतं तेच पाकिटावर होतं. ज्या औषधानं उंदीर उघड्या फळीवर जाते, तेच हे.

"रहीमभाई, माह्या लेकराइचंच औषध निंगालं!" तो नाचायचाच बाकी होता.

पण दोन दिवसांनी त्याच्या डोक्यात किडा वळवळला. तो अरीबाकडं गेला. मी तिथं चौफुलीची एक फळी बदलायले गेलो होतो, म्हणून ऐकलं. तो म्हणाला, "मॅडम, मुठीएवढ्या उंदराले तुमी इतकं टोचता. वजनाच्या मानानं पाहिलं तं माह्या पोरीले अर्धी गोई म्हणजे काहीच नाही."

अरीबाचा हात थांबला. "काका, उंदराचं अंग वेगळं, माणसाचं वेगळं. उंदराचा हिशोब माणसाले लावला तं माणूस जाईल. डॉक्टरनं सांगितली तितकीच. मले वचन द्या."

त्यानं मान हलवली. मान हलवायले काय लागते?

दिवाळीआधीच्या त्या दिवसांत रागिणी बदलली. दुकानात आली, थिनरचा डबा स्वतः उचलून हुंगला, अन् हसली. "चाचा, पाहा, काहीच नाही होत." रजियाबीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून अलाबला घेतली, दृष्ट काढली. मीही खूश झालो, कावून नाही होणार? फक्त एक गोष्ट मले टोचली. रस्ता ओलांडताना तिनं ट्रककडं पाहिलंच नाही. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिवी दिली, अन् ही आपली आरामात चालत गेली. बोलणंही जरा ओढल्यासारखं, जिभेवर लोणी ठेवल्यावाणी.

मी सहदेवले धरलं. "किती देतोस रे तिले?"

त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "सकायी दोन, संध्याकायी दोन. मेडिकलवाला वयखीचा आहे, देते."

"अबे, डॉक्टर तू का ते बाई?" मी हातातली पटाशी खाली आपटली. "अति तिथं माती, समजत नाही तुले?"

"तुमी तिचा थो आवाज रोज नाही आयकला, रहीमभाई!" तो माह्याहून मोठ्यानं ओरडला. असा ओरडताना मी त्याले कधी पाहिला नव्हता. "'बाबा, मी मरते' म्हणे. मी काय काचेच्या बाहेर उभा राहून पाहत राहू? उंदराले बाहेर काढता येते. माह्या पोरीले त्या पेटीतून कोन बाहेर काढीन?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली पडलेली पटाशी उचलली. पण मनातली धाकधूक काही गेली नाही.

त्या आठवड्यात मी पुन्हा कॉलेजात होतो. चौफुलीचा एक पाय डुगडुगत होता. औषध टोचलेला एक उंदीर उघड्या फळीवर गेला, टोकापर्यंत गेला, अन् तसाच पुढं पाऊल टाकून खाली पडला. पडला तं पळाला तरी पाहिजे ना? नाही. हळूहळू हुंगत दारातून व्हरांड्यात गेला. व्हरांड्यात कॅन्टीनची मांजर बसली होती.

सहदेव दारात होता. तो खाकरला. उंदरानं वळून पाहिलं नाही. तो पुन्हा खाकरला, जोरात. उंदीर सरळ मांजरीच्या पुढ्यात गेला अन् तिच्या पंजाले नाक लावलं. मांजरच एक पाऊल मागं सरकली, अल्ला कसम. असा उंदीर तिनं कधी पाहिला नव्हता. मग तिनं त्याले उचललं अन् जिन्याखाली घेऊन गेली. उंदीर ओरडलाही नाही.

मी सहदेवले बाजूले ओढलं. "सहदेव, आजच्या आज रागिणीले डॉक्टरीण बाईकडं ने. किती गोळ्या देल्या ते सांग."

"उंदीर अन् माही पोरगी एक आहे का?"

"हिशोब करताना एक होती ना!"

तो पोतं उचलून निघाला. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तं तो उंबऱ्यात बसला होता, अन् घरात कोणी नव्हतं. दीर देवमनचा फोन आला होता. फवारणीले माणूस मिळेना, वहिनी येते का म्हणून. रागिणी पिशवी भरून, गोळ्यांचं पाकीट घेऊन, दुपारच्या बसनं निघून गेली होती. शेजारणीजवळ निरोप ठेवला होता, बाबाले सांगा, माहं घर तिथं आहे, आता मले कशाचंच भेव नाही.

सहदेवनं फोन लावला. मी कान लावून ऐकलं. "बाबा, कावून भेता? मी मस्त आहे," ते म्हणाली, अन् हसत राहिली. हसणं थांबेचना. सहदेवनं फोन ठेवला अन् माह्याकडं पाहिलं. "रहीमभाई, मी फोनवर खाकरलो. तिनं नाही ओयखलं."

सकाळच्या पहिल्या बसनं आमी मूर्तिजापूर गाठलं, तिथून ऑटो. गावाच्या अलीकडंच वास यायले लागला. कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना माह्या डोळ्यांतून पाणी वाहायले लागलं, घशात जळजळ. वारा आमच्याकडंच होता. लांब देवमन पाठीवर पंप घेऊन फिरत होता, अन् बांधावर ड्रमापाशी रागिणी पाठमोरी उभी होती.

सहदेव थांबला. खाकरला.

तिनं वळून पाहिलं नाही.

तो पुन्हा खाकरला. पुन्हा. मग खोकला लागल्यासारखा खाकरतच राहिला, घसा फाटेपर्यंत. ते ड्रमातलं पाणी ढवळत होती. काडीनं नाही, हातानं. कोपरापर्यंत उघडा हात, तोंडाले फडकं नाही, पुढचा सगळा पदर ओला.

"रागिणी!" मी बोंब मारली.

ते वळली, अन् हसली. "बाबा! चाचा! पाहा, मले काहीच नाही होत. वासही नाही येत." ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, तिले खबर नव्हती. गळ्यावरून घाम वाहत होता. मी जवळ गेलो अन् तिचे डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. हाताचं मांस आपोआप फडफडत होतं. तिच्या अंगात सगळं बोंबलून राहिलं होतं, अन् सांगणारी घंटी तेवढी बंद होती.

सहदेवनं तिले उचललं. पन्नास वर्षांचा माणूस, पोरीले लहान लेकरासारखी उचलून धुऱ्यावरून पळाला. मी हापशीवर तिचे हात, तोंड, केस धुतले, ओला पदर काढून माहा सदरा तिच्यावर टाकला. ऑटो निघाला तेव्हा मागं वळून पाहिलं तं देवमननं पंप पुन्हा पाठीवर घेतला होता. मी त्याले काय काय शिव्या दिल्या ते इथं सांगता येत नाही.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते मान टाकून होती. श्वासात घुरघुर. एक डॉक्टर आला, बॅटरी मारून डोळे पाहिले, अन् तोच सवाल.

"औषध घेतलं का हिनं?"

सहदेवचं तोंड उघडलं अन् तसंच राहिलं. त्यानं माह्याकडं पाहिलं. माह्या कानात बाकावरचं ते हसणं वाजलं.

"लवकर बोला, काका!"

"दोन्ही, साहेब," सहदेव म्हणाला. "एक अंगातून गेलं, शेतातलं. एक तोंडातून, गोयीचं. तोंडातलं मी देलं. डॉक्टरनं सांगितलं त्याच्या चौपट देलं." खिशातून त्यानं आधीचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "पोलिसाले बलवा लागते तं बलवा. पन आधी तिले पाहा."

डॉक्टरनं पाकीट वाचलं अन् आत धावला. पुढं तोच मले म्हणाला की हे लपवलं असतं तं आमी आंधळेपणानं इलाज केला असता. तिच्या नाकातोंडात नळ्या घातल्या. आमी बाहेर. अरीबा तिच्या घरून जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं आधीच बजावलं होतं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. नुसती सहदेवच्या शेजारी बसली. सहदेव जेवला नाही. कधीमधी तो म्हणे, "मांजरीनं उचललं तवा थो ओरडला बी नाही, रहीमभाई." मी म्हणे, गप रे. पण ते चित्र माह्याही डोळ्यापुढून हलत नव्हतं.

कितीतरी दिवसांनी सिस्टर बाहेर आली. नळी काढली आहे, पेशंट भिंतीकडं तोंड करून पडून आहे, बोलत नाही, काही विचारलं तं उत्तर नाही. एकच जण भेटा, म्हणाली. मीही सहदेवच्या मागं गेलो, मले कोण अडवते?

दारापाशी सहदेव उभा राहिला. आत जाईना.

"अरे, जा ना."

"रहीमभाई, मी खाकरलो अन् तिनं नाही पाह्यलं तं?"

खाटेवर तिची पाठ दिसत होती, हलत नव्हती. बाजूच्या यंत्राची टिकटिक चालू होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खाकर बे."

तो खाकरला. अगदी हळू, घरच्या दारात खाकरावं तसा.

खाटेवर ते दचकली! अख्खं अंग उडालं. झटक्यात वळली, दोन्ही हात छातीवर, डोळे एवढाले मोठे, श्वास वरच्या वर. "कोण? कोण आहे? बाबा? बाबा, मले भेव लागून राह्यलं!" यंत्र जोरजोरात वाजायले लागलं. सिस्टर धावत आली अन् आमच्यावर उखडली, पेशंटला घाबरवता का, शरम नाही का तुम्हांला, बाहेर व्हा.

सहदेव दाराच्या चौकटीले धरून खाली बसला होता. रडत होता अन् हसत होता. "भेली, रहीमभाई! माही पोरगी भेली!"

सिस्टर शिव्याच देत होती. मी म्हटलं, दे बाई, आणखी दे.